मागच्या बाजूला, पेन्सिलीने

लिफाफा आला तेव्हा दुकानात पासपोर्ट फोटोंची गर्दी,
दहावीचे फॉर्म निघाले होते.
लॅमिनेशनच्या मशीनखाली सरकवला
आणि चार दिवस विसरलो.

स्किप्टन नावाच्या गावाहून.
हिल्डाबाई लिहितात : वडील देवळालीच्या छावणीत होते,
त्रेचाळीस साली, तोफखान्यात.
त्यांच्या ट्रंकेत हा फोटो निघाला,
तुम्ही नाशिकचे जुने फोटो जमवता असं कळलं.
सोबत त्यांच्या गावाचाही एक.
नमुन्यादाखल असावा.

त्यांचा आधी पाहिला.
गिरणीची गल्ली, ओले दगड,
नऊ माणसं, एक कुत्रं.
मागे पेन्सिलीने नावं, डावीकडून उजवीकडे.
पाववाला, पाववाल्याची मेहुणी, लंगडा टॉम,
कुत्र्याचंसुद्धा : नेल.

मग आपला उलटला.
दोनच शब्द.
नेटिव्ज, नाशिक.

दुपारभर गिऱ्हाइकांशी तिरसटासारखा बोललो.

रात्री शटर ओढून स्कॅन केला, मोठा केला.
अकरा जण.
सरस्वतीचा नाला अजून उघडा,
आता तो दहीपुलाच्या रस्त्याखाली असतो
आणि मोठ्या पावसात दुकानांत शिरून
हजेरी लावून जातो.
नाल्याकाठी दगडी पायऱ्या, एक शेळी,
पुढे घागर घेतलेली बाई,
तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसता धूर.
हलली असणार.

तांबट आळीत दगडूशेठ.
ठोक्यांनी कान गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू.
चेहऱ्यांवरून बोट सरळ पुढे गेलं,
घागरीवर थांबलं.
'हा मठार आमच्या आप्पांचा.
तीन ठोके जवळ-जवळ, चौथा लांब.
चौथ्याला ते तंबाखू थुंकायचे.'
मग बोट वर, धुरावर.
'म्हणजे ही गोजर.
उधारीत नेली होती घागर, सव्वा रुपया राहिलाय.
एका जागी उभीच राहायची नाही.'

शेजारून मेहमूद अत्तार आले,
समोरून फुलांचा पसारा टाकून इंदूबाई.
इंदूबाईंच्या मते ही गोजर नव्हेच, तिची जाऊ तानी,
गोजर गंगेवरून येताना कधी पदर असा घ्यायची नाही.
चहा थंड झाला.
मी दोन्ही नावं लिहिली, मध्ये तिरकी रेघ.
टोपीवाला अत्तारांच्या दुकानातला कासम.
पायरीवरचा म्हातारा कोणाचा तरी सासरा, एवढंच.
उघड्या अंगाच्या मुलाला
तिघांनी तीन घरांत घालून पाहिलं,
कुठल्याच घरात तो राहिला नाही.

शेळीचं नाव विचारलं तर हसले.
मेहमूदमियाँ म्हणाले,
'नाव ठेवलं की कापताना हात अडतो.'
त्यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही.

चार नावं मिळाली. एक अर्धं.
बाकी आकडे लिहून जागा सोडली.
ते दोन शब्द खोडणार होतो, खोडरबर हातात होतं,
पण तेही कोणीतरी लिहिलंय,
असू दे, त्याच्या खालीच लिहावं.
पेन्सिलीने, मराठीत.
हिल्डाबाईंनी शोधावा वाचणारा,
मी शोधलाच ना.

पाकीट चिकटवण्याआधी उगीच एकदा पुन्हा मोठा केला.
चेहरे नको, नुसती घागर.
तीन ठोके, चौथा लांब,
आणि त्या फुगीर तांब्यात, वाकलेला,
बोटाच्या पेराएवढा, टोपी घातलेला एक जण,
छातीशी कसलीतरी पेटी धरून.

आकडा टाकला : बारा.
शेजारी लिहिलं,
हा घागरीत आहे.
आळीत कोणी ओळखत नाही.
नाव तुम्ही घालावं.